पहिलीतलं पहिलं नाव

"ते सगळं ऱ्हाऊ द्या, गुर्जी. तुमची पोरगी कुठल्या साळंत घालणार, तेवढं सांगा."

जालिंदर मेटकरीनं हे विचारलं तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले असतील. एक मे. झेंडावंदन आटोपलं होतं, निकालपत्रकं वाटून झाली होती. पोरं लिमलेटच्या गोळ्या चोखत, 'पास, पास' ओरडत घराकडं पळाली होती. शाळेपुढच्या लिंबाखाली जाजम टाकलं होतं आणि त्यावर येळंबवाडीचे तीस-पस्तीस पालक बसले होते, बाया एका अंगाला, गडी एका अंगाला. मी टेबलापाशी उभा राहून गेला अर्धा तास बोलत होतो. आपल्या शाळेत काय काय आहे, पुढच्या वर्षी आणखी काय काय करणार आहोत, मातृभाषेतून शिकलेलं पोर कसं पाया भरून निघतं. बोलणं मला जमतं. तीच माझी सगळ्यांत मोठी अडचण होती, हे कळायला पुढं बरीच वर्षं लागली.

त्या वेळी मी येळंबवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक होतो. मुख्याध्यापक म्हणजे काय, तर दोन मास्तरांतला जुना. पहिली ते चौथी, दोन खोल्या, पट बावीस. त्यातली आठ पोरं चौथी पास होऊन त्या दिवशी बाहेर पडली. उरली चौदा. वीसच्या आत पट आला तर शाळा बंद करणार, अशी आवई त्या साली उठली होती. वाडीत पहिलीत बसवण्याच्या वयाची पोरं होती नऊ. पण त्यातली सात 'व्हॅन'ला जाणार होती. व्हॅन म्हणजे तालुक्याच्या गावी नवीनच निघालेली इंग्रजी शाळा. त्यांची पिवळी गाडी दोनच दिवसांपूर्वी वाडीत येऊन गेली होती. टाय लावलेल्या दोन मुली घरोघरी रंगीत कागद वाटून गेल्या होत्या.

जालिंदर हा वाडीतला शब्द असलेला माणूस. आमच्या त्या भागातले लोक सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेले. तसं जालिंदरचं सेलमला गलाईचं दुकान होतं. यात्रेला म्हणून तो गावी आला की महिनाभर राहायचा. तो म्हणेल तसं चार घरं करत. त्याची श्रेया सहाव्या वर्षात होती.

"बोला की," तो म्हणाला. उद्धटपणानं नव्हे. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुमची बी पोरगी औंदा पहिलीला हाय म्हणं. आमची पोरं हितं घाला म्हणताय, ते बराबर हाय. पण तुमची कुठं घालणार?"

बायांच्या बाजूला कुणीतरी हसलं.

माझ्या उजव्या हाताला मुलाणी बाई उभ्या होत्या. रेश्मा मुलाणी, माझ्या सहशिक्षिका. तीन वर्षांपूर्वी नवीन म्हणून आल्या त्या याच शाळेत. तालुक्याहून रोज स्कूटीवरून बावीस किलोमीटर यायच्या. मिस्टर दुबईला, घरी आई आणि पाच वर्षांचा आयान. पोरांच्या नाकाचा शेंबूड आपल्या रुमालानं पुसणारी बाई. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत काही आग्रह नव्हता. उलट त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं, कारण आयानचा प्रवेश त्यांनी त्याच इंग्रजी शाळेत घेऊन ठेवला होता. हा प्रश्न आपल्यावर येऊ नये, एवढंच त्या नजरेत होतं.

मी म्हणालो, "माझी सृष्टी जूनमध्ये पहिलीत बसेल. याच शाळेत."

"हितं? येळंबवाडीत?"

"इथंच. याच खोलीत."

"आन् वहिनी?" जालिंदरनं विचारलं. माझी बायको अर्चना इकडं माझ्याजवळ नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती तिकडं नदीकाठच्या तालुक्यात आरोग्य केंद्रात नर्स होती. मी शनिवारी शाळा सुटली की शंभर किलोमीटर गाडी मारून जायचो आणि सोमवारी पहाटे निघून यायचो.

"मुलगी माझ्याजवळ राहील. माझी आई येईल सोबतीला."

तेव्हा टाळी पहिल्यांदा कुणी वाजवली ते आठवत नाही. पण वाजली. मग जाजमभर वाजल्या. चौथीतल्या एका पोराची म्हातारी आजी उठली आणि तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मला गहिवरून आलं. हे मी खोटं सांगत नाही, खरंच आलं.

जालिंदर मात्र व्यवहारी माणूस. "मंग लिवा की नाव," तो म्हणाला. "आमच्यादेखत."

नवीन नावं जूनमध्ये चढवायची असतात. पण मी आत गेलो, कपाटातलं जनरल रजिस्टर काढलं, बाहेर आणून टेबलावर उघडलं. शाळा सुरू झाल्यापासून जेवढी पोरं आली, तेवढ्यांची नावं त्यात होती. जालिंदरचं होतं, त्याच्या बापाचंही होतं. मी नवा अनुक्रमांक टाकला आणि लिहिलं : खिलारे सृष्टी भालचंद्र. इयत्ता पहिली. जालिंदरनं वाकून वाचलं, बोटानं अक्षरं चाचपली.

"आता माझी बी लिवा. मेटकरी श्रेया जालिंदर."

"अवो, पर व्हॅनवाल्यांला हो म्हणालाय की तुमी," त्याची बायको सविता मागून म्हणाली.

"म्हणालोय, तर न्हाई म्हणून सांगतो. मास्तर आपली पोर हितं घालतोय म्हणल्यावर आपलं काय सोनं लागून गेलंय?"

अर्ध्या तासात वाडीतली नऊच्या नऊ नावं झाली. तालुक्याच्या पेपरचा एक वार्ताहर झेंडावंदनाचा फोटो काढायला आला होता, त्यानं मी रजिस्टरावर वाकलो असताना फोटो घेतला. तिसऱ्या दिवशी तो छापून आला : 'आधी केले, मग सांगितले'. मथळा त्याचाच. आमच्या केंद्रप्रमुखांनी फोन करून सांगितलं, "खिलारे, कात्रण जपून ठेवा. कामाला येईल."

लोक पांगले तशा मुलाणी बाई जाजम गोळा करू लागल्या. मी दुसरं टोक धरलं. घडी घालता घालता त्या म्हणाल्या, "सर, मी आयानचा तिकडचा प्रवेश रद्द करते."

"कशाला?"

"त्यालाही इथंच आणते. माझ्याबरोबर येईल, माझ्याबरोबर जाईल."

"बाई, घाई करू नका. बूट-गणवेश सगळं आणलंय तुम्ही. घरी विचारा, मिस्टरांना विचारा."

"विचारते. पण तुम्ही एवढं केलंत, सर. वहिनींपासून मुलगी लांब ठेवणार तुम्ही. मी तर नुसतं स्कूटीवर पुढं उभा करून आणणार. मी मागं राहिले तर उद्या पोरांपुढं उभी कशी राहू?" मग हसून म्हणाल्या, "आणि मघाशी माझा जीव किती थोडा झाला होता, माहितीय? म्हटलं, आता मला विचारतात की काय. तुम्ही वाचवलंत."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. जाजमाची घडी पुरी झाली, मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि आत नेऊन ठेवली.

रजिस्टरात पहिलीचं अकरावं नाव आयानचं झालं.

पुढचा आठवडाभर आम्ही दोघं रोज शाळेत येत होतो. सुट्टी लागली तरी मास्तरांची कामं मागं उरतातच. निकालाच्या प्रती, वर्षाचे तक्ते, पुढच्या वर्षाचं नियोजन. एरवी हे नियोजन म्हणजे गेल्या वर्षीचा कागद बघून तारखा बदलायच्या. त्या वर्षी बाईंनी कागद बाजूला ठेवला. कोरी वही काढली.

"पहिलीचा वर्ग मी घेणार," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "तुम्ही तिसरी-चौथी घ्या. पहिली-दुसरी माझ्याकडं."

"घ्या."

"अकरा मुलं, सर! या शाळेत पहिलीला अकरा कधी होती?"

मी जुनं रजिस्टर चाळून सांगितलं, "एकोणीस वर्षांपूर्वी."

मग त्यांनी भिंती बघितल्या. फळा उंच आहे, पोरांचा हात पुरत नाही. तेव्हा भिंतीचा खालचा हात-दीड हात काळा रंगवून घ्यायचा. आठवड्यातून एक दिवस गावातली बाई-माणसं बोलवायची, कुणी जात्यावरच्या ओव्या सांगेल, कुणी दोरी वळून दाखवेल. पहिले पंधरा दिवस पुस्तक उघडायचंच नाही. जालिंदरकडून सेलमहून येताना तिकडच्या तमिळ मुळाक्षरांचा तक्ता मागवायचा, सुट्टीत तिकडं जाणाऱ्या पोरांना गंमत वाटेल. असं काय काय. लिहिताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा. मे महिन्याचं ऊन, वर पत्रा, पंखा एकच आणि वीज नसली की तोही बंद. आयान कोपऱ्यात पाटीवर रेघोट्या ओढत बसलेला असायचा.

"सृष्टीला काय आवडतं, सर?" एक दिवस त्यांनी विचारलं.

"चित्रं काढते. आणि बोलते फार."

"मग आयानशेजारी बसवू. हा बोलतच नाही." पोराकडं वळून म्हणाल्या, "आयान, सृष्टी म्हणून एक मैत्रीण येणार आहे तुला. सरांची मुलगी. मोठी बडबडी आहे."

आयाननं माझ्याकडं बघितलं. "कधी येणार?"

"जूनमध्ये," मी म्हणालो.

दप्तरं अडकवायला त्यांनी वर्गात खाली, पोरांच्या हाताला येतील अशा खुंट्या ठोकून घेतल्या. वाडीतल्या सुताराकडून, त्याच्या मागं लागून. प्रत्येक खुंटीखाली रंगानं एकेकाचं नाव लिहिलं. जनरल रजिस्टरात होतं त्याच क्रमानं. अकरा खुंट्या. त्या दिवशी त्यांची बोटं निळी झाली होती आणि त्या फार खुशीत होत्या.

चौदा तारखेला मला पंचायत समितीतून फोन आला. सोळाला सकाळी अकरा वाजता मी आणि मुलाणी बाई शाळेच्या कार्यालयात, म्हणजे दोन कपाटं आणि एक टेबल मावेल अशा त्या बोळकांडीत, समोरासमोर बसलो होतो. टेबलावर शाळेचा शिक्का होता, किल्ल्यांचा जुडगा होता, रजिस्टरांची चळत होती आणि माझ्या बदलीचा आदेश होता. पती-पत्नी एकत्र या सोयीखाली मला अर्चनाच्या तालुक्यात, तिच्या आरोग्य केंद्रापासून सहा किलोमीटरवरची शाळा मिळाली होती.

फोनवर मी बाईंना एवढंच सांगितलं होतं की आदेश आलाय, चार्ज घ्यायला या. त्या आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते, पण बोलणं नीट होतं.

"अचानकच झालं, सर."

"हो ना. अचानकच."

"वहिनींना बरं वाटलं असेल."

"हो."

"सरकारी नोकरी म्हणजे असंच," त्या म्हणाल्या. मला धीर देत होत्या त्या! "तुमचा काय इलाज? मी जालिंदरभाऊंना सांगेन समजावून. रागावतील, पण ऐकतील. आदेशाची एक प्रत शाळेच्या फाइलला लागेल ना?"

"लागेल."

त्यांनी आदेश ओढून घेतला. चार्ज घेणाऱ्यानं तो वाचायचा असतो. त्या हळू आवाजात, वर्गात वाचून दाखवतात तसा, वाचू लागल्या. संदर्भ एक, शासन निर्णय. संदर्भ दोन, अमुक पत्र. संदर्भ तीन...

"संदर्भ तीन," त्यांनी वाचलं, "श्री. भा. रा. खिलारे यांचा दिनांक अकरा फेब्रुवारीचा विनंती अर्ज."

पुढं वाचलं नाही. कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला. तीच ओळ पुन्हा मनातल्या मनात वाचली, ओठ हललेले दिसले.

"फेब्रुवारी?"

मी किल्ल्यांचा जुडगा पुढं सरकवला. "ही मोठी कार्यालयाची. ही धान्याच्या खोलीची, जरा अडकते..."

"सर, एक मेला तुम्हाला माहीत होतं?"

"अर्ज तर दर वर्षीच करतो आपण. होईलच असं कुठं असतं?"

"माहीत नव्हतं?"

"नक्की काही नव्हतं, बाई."

हे मात्र मी खोटं बोललो. अठ्ठावीस एप्रिलला पंचायत समितीच्या फलकावर यादी लागली होती. विनंती बदलीस पात्र शिक्षकांची. त्यात माझं नाव चौथं होतं आणि जागा सहा होत्या. मी स्वतः तिथं उभा राहून बोटानं मोजलं होतं. तिथूनच अर्चनाला फोन लावला होता. तिनं त्याच संध्याकाळी सृष्टीचं नाव तिच्या गावातल्या एका इंग्रजी शाळेत घातलं होतं. एक तारखेला जाजमावर मी जे बोललो, ते रात्री तिला सांगितलं तेव्हा ती हसली होती. "बरं केलंत की," म्हणाली होती. "जाता जाता शाळेचा पट भरून आलात. तुमच्या मुलाणी बाईंना तेवढंच सोपं जाईल." तेव्हा मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर, मला असंच वाटत होतं की मी शाळेचं भलं करून निघालोय.

त्या लिंबाखाली उभा असताना मात्र माझ्या डोक्यात ती यादी नव्हती. माझ्यापुढं पस्तीस माणसं होती आणि त्यांना एक वाक्य हवं होतं. मी ते दिलं. आणि देताना मला ते खरं वाटत होतं. ह्याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

बाई म्हणाल्या, "आयानची जागा तिकडं दुसऱ्याला गेली, सर. परवा शाळेतून फोन होता."

"मी बोलून बघू का? त्यांच्या प्राचार्यांना ओळखतो मी."

"नको." लगेच म्हणाल्या. मग किल्ल्या स्वतःकडं ओढत, "बोलू नका तुम्ही. कुणाशीच."

एकेक रजिस्टर त्या तपासून घेत गेल्या. जडवस्तू संग्रह, हजेरी, पोषण आहार, शिक्का. प्रत्येकापुढं सही. शेवटी जनरल रजिस्टर आलं. त्यांनी शेवटचं लिहिलेलं पान उघडलं आणि माझ्याकडं फिरवलं.

"हे नाव कमी करायला लागेल."

"तुम्ही करा ना नंतर. जूनमध्ये. आली नाही म्हणून..."

"माझ्या ताब्यात घेताना पट बरोबर पाहिजे, सर. नाव खोडता येत नाही, तुम्हीच शिकवलंय मला. शेरा लिहायचा, कारण लिहायचं, सही करायची."

"काय कारण लिहू?"

त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "ते मी कसं सांगू? काहीही लिहा. पण तुमच्या हातानं लिहा."

मी लिहिलं : 'पालकाची बदली.' सही केली. तारीख टाकली. त्यांनी टिपकागद दाबला. त्या क्षणीसुद्धा अक्षर फिसकटू नये म्हणून.

"बाई," मी उठता उठता म्हणालो, "लोकांना एवढ्यात काही सांगू नका. जून उजाडू दे. एकदा पोरं येऊन बसली की..."

"विचारतील तेव्हा सांगेन."

"काय सांगाल?"

"तुम्ही निघा, सर. ऊन चढतंय."

वाडीतून बाहेर पडायला दोन वाटा आहेत. एक मेटकऱ्यांच्या घरांवरून जाते, एक ओढ्यातून. मी ओढ्यातून गाडी घातली.

पुढचं माझ्या कानावर आलं ते असं. जूनच्या पहिल्या दिवशी बाईंनी दाराला आंब्याचं तोरण बांधलं होतं, पोरांना द्यायला फुगे आणले होते. पहिलीत पाच जण आले. वाडीतले चार आणि आयान. बाकीचे पाच पिवळ्या गाडीतून गेले, त्यात श्रेयाही. चौदा आणि पाच, एकोणीस झाले. वीसला एक कमी.

माझ्या जागी दुसरा शिक्षक आलाच नाही. मुलाणी बाई चार वर्ग एकट्या शिकवत होत्या. त्यातच मतदारयाद्या, त्यातच धान्याचा हिशेब, त्यातच दर महिन्याच्या बैठका. बैठकीच्या दिवशी शाळेला कुलूप. कुलूप दिसलं की आणखी एखादं पोर व्हॅनला. तिसऱ्या वर्षी पट नऊ झाला आणि शाळा तीन किलोमीटरवरच्या मोठ्या गावच्या शाळेत मिळवून टाकली. वाडीतली ज्यांच्याकडं गाडीखर्चाला पैसे होते, त्यांची पोरं आधीच गेली होती. उरलेल्यांपैकी पाच चालत मोठ्या गावाला जाऊ लागली. तीन घरीच राहिली. तिन्ही मुली. बाई अतिरिक्त ठरल्या, त्यांना जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कर्नाटकच्या शिवेवर टाकलं. आयानला घेऊन त्या तिकडं गेल्या.

माझं चांगलं चाललं. नव्या शाळेत पट होता, इमारत होती, संध्याकाळी घर होतं. चार वर्षांनी आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी फाइल करायची वेळ आली तेव्हा अर्चनानं ते कात्रण स्वतःच्या हातानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लावलं. मी नको म्हणालो. एकदा म्हणालो. पुरस्कार मिळाला. सृष्टी आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. येळंबवाडी नावाचं गाव तिला ठाऊक नाही.

मुलाणी बाई मला एकदाच भेटल्या, मतमोजणीच्या प्रशिक्षणात. मोठ्या सभागृहात, चार ओळी पुढं बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. जेवणाच्या रांगेत समोरासमोर आलो. "कशा आहात, बाई?" "बरी आहे, सर. तुम्ही?" "मजेत." एवढंच. त्यांनी मला पुढं जाऊ दिलं आणि आपण मागं थांबल्या. मला वाटलं, मनात राग असणार. असेलही. पण तेव्हा मला एक गोष्ट माहीत नव्हती.

ती मला गेल्या वर्षी कळली. जालिंदरनं कुठून तरी माझा नंबर मिळवला होता. येळंबवाडीत त्यानं नवं घर बांधलं होतं, वास्तुशांतीला या म्हणून फोन केला. तेरा वर्षांनी. मी टाळणार होतो. पण तो म्हणाला, "गुर्जी, तुमच्या पायाची धूळ लागल्याबिगर मी जेवणार न्हाई बगा." असा माणूस माझ्यावर रागावलेला नाही, याचंच मला इतकं नवल वाटलं की मी गेलो.

त्यानं मला फेटा बांधला. सविता पाया पडली. श्रेया शहरात नर्सिंगला होती, तिला फोन लावून माझ्याशी बोलायला लावलं. मग पंगतीत मला मधोमध बसवलं आणि जालिंदर स्वतः पुरणपोळ्यांची परात घेऊन वाढायला लागला.

"हे आमचं खिलारे गुर्जी," पलीकडच्या पाहुण्याला तो सांगत होता. "ह्ये होते तवर साळा होती. पहिलीला अकरा पोरं बसवली होती माणसानं! स्वताची पोरगी हितं घालणार होते. आन् वरनं एकाएकी बदलीची आर्डर आली."

मी मान खाली घालून जेवत होतो.

"मी तर लई भडाकलो होतो तवा," जालिंदर माझ्याकडं वळला. "जूनला साळंत ग्येलो, म्हणलं, कुठाय त्यो मास्तर? फसवलं आमाला. तर ती बाईच म्हणाली, सरांचा काय दोष न्हाई, त्यांला बी म्हाईत नव्हतं, सरकारनं एकाएकी उचललं. मंग माझा राग ग्येला. म्हणलं, माणूस खरा हुता, नशीब खोटं."

"बाई असं म्हणाल्या?"

"व्हय तर! आक्शी देवाशप्पत सांगितलं. पर गुर्जी, खरं बोलू का, त्या बाईनंच साळा बुडवली. तुमी एवढं भरून दिलं, पर तिला टिकवता आलं न्हाई. रोजचं कुलूप. कुणी म्हणायचं पोराला घिऊन फिरती, कुणी म्हणायचं बाईमाणूस हाय, काय करणार. शेवटी गावानं तिच्याविरुद्ध अर्ज बी केला हुता. मीच पयली सही केली."

 मी पाणी प्यालो. आजूबाजूची चार-सहा माणसं जेवायची थांबून माझ्याकडं बघत होती, गुरुजी काय म्हणतात म्हणून.

"बाईंचा दोष नव्हता, जालिंदर," मी म्हणालो.

"मंग कुणाचा?"

परात कमरेला लावून तो उभा होता. चेहऱ्यावर तेच होतं, त्या सकाळी लिंबाखाली होतं ते. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"जमानाच तसा आला," मी म्हणालो. "इंग्रजीचा."

"ह्ये मातुर लाखातलं बोललात," जालिंदर म्हणाला. पलीकडच्या पाहुण्यानं मान डोलावली. सगळे पुन्हा जेवायला लागले. जालिंदरनं माझ्या पानात आणखी एक पोळी टाकली, वर तुपाची धार सोडली, आणि संपवल्याशिवाय उठायचं नाही म्हणून दटावलं.

मी ती संपवली.